गर्दी जमली की रडणारी भिंत

"सरका, सरका! पुढच्यांनी खाली बसा! मागच्यांचे चेहरे माईला दिसत नाहीयेत!"

खाली बसायचं कुठे, डोंबल! मोठ्या घराच्या दिवाणखान्यात त्या संध्याकाळी मुंगीला शिरायला वाट नव्हती. मांडीला मांडी, खांद्याला खांदा. कुणाच्या मांडीवर फोटो, कुणाच्या मुठीत चष्मा, कुणाच्या कुशीत जुना स्वेटर. खिडक्या बंद, त्यांच्यावर जमिनीपर्यंत लोळणारे जाड मखमली पडदे. कोपऱ्याकोपऱ्यात पितळी पराती, परातींत गरम पाणी, पाण्यावर गुलाबाच्या पाकळ्या आणि पाकळ्यांवर वाफ. आणि समोर ती भिंत. शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी गुळगुळीत, पांढरी, रिकामी.

"आता श्वास सोडा, मंडळी!" पांढऱ्या शालीतल्या माणसाने हात पसरले. "आत कोंडून ठेवलेला श्वास म्हणजे स्वार्थ! तोंड उघडा, भिंतीकडे बघा, आणि हाऽऽऽ!"

"हाऽऽऽ!" सगळा दिवाणखाना एका तोंडाने म्हणाला.

"अजून! माईला तुमचा श्वास हवाय!"

"हाऽऽऽ!"

आणि भिंत बदलायला लागली. मधोमध एक करडी सावली उमटली. आधी वरचा गोल, मग उतरते खांदे, मग खाली पसरत गेलेला पदर. डोक्यावरून पदर घेऊन बसलेली एक बाई! मग त्या बाईच्या कपाळावर एक थेंब चमकला, घरंगळला, आणि त्याच्यामागून दुसरा.

"रडली! माई रडली!"

"माझी ताई आहे ती!" बेकरीवाल्या काकूंनी हंबरडा फोडला.

"माझा भाऊ... असाच बसायचा, शाल पांघरून," दातांचे डॉक्टर चष्मा पुसत पुटपुटले.

टकळीचे बाबा फक्त बघत होते. त्यांच्या शेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली टकळीही बघत होती. त्या सावलीची मान जराशी डावीकडे कलली होती. तिची आई शिवणयंत्रावर बसली की तिची मान अशीच कलायची.

टकळी हे काही तिचं खरं नाव नव्हे. तोंडाची टकळी सतत चालू म्हणून आईनेच ते ठेवलं होतं. बाबा पडदे शिवायचे, आई त्यांना इस्त्री करायची, आणि टकळी दोघांच्या मध्ये बसून शाळेत कोण कोणाला काय म्हणालं त्याचं साग्रसंगीत वर्णन करायची. आई गेल्यावर घरात शिवणयंत्राचाच काय तो आवाज उरला. मग मोठ्या घराची भिंत रडायला लागली आणि तोही आवाज थांबला. बाबा रोज संध्याकाळी इथे येऊन बसायला लागले. घरी आले की भाकरी पुढे सरकवायचे, "जेव" म्हणायचे. एक शब्द. एका दिवसाला एक शब्द, आणि तोही ताटाकडे बघून!

त्या संध्याकाळी परत जाताना मात्र ते बोलले. नको तेच बोलले.

"मॅनेजर म्हणतो, माईला राखणदार हवाय. कायमचा. जिन्याखालची खोली देतोय."

"आणि मी?"

"तू आत्याकडे. रविवारी आत्या न्यायला येईल."

"आणि माझी शाळा?"

"तिकडेही शाळा असतात."

"बाबा, तुम्ही भिंतीपाशी राहणार आणि मी दुसऱ्या गावी?"

"भिंत काय म्हणतेस गं!" बाबा थांबले. "तुझी आई आहे ती."

यावर टकळीला काही बोलता आलं नाही. तिला, टकळीला! आईविरुद्ध कसं बोलणार?

आता या मोठ्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. जुन्या चौकात, घड्याळाच्या मनोऱ्यासमोर ते तिमजली घर वर्षानुवर्षं कुलपात होतं. कबुतरांनी ते जवळजवळ आपल्या नावावर करून घेतलं होतं. मग बाहेरगावच्या एका धनाढ्याने ते घेतलं आणि नव्यासारखं जुनं केलं. हो, नव्यासारखं जुनं! जिन्याची प्रत्येक पायरी काढून, घासून, पुन्हा जागच्या जागी बसवली. नळ पितळेचे. न्हाणीघरात एवढा संगमरवर की पाय ठेवायची भीती वाटावी. मालकाचा हुकूम एकच: जुनं ते सगळं दिसलं पाहिजे, नवं ते काहीही दिसता कामा नये. त्यामुळे वायरी फरशीखाली गेल्या, दिवे नक्षीत दडले, आणि घर गार ठेवणाऱ्या यंत्राचे नळ भिंतींच्या पोटात गडप झाले. बाबा पडद्यांची मापं घ्यायला गेले तेव्हा टकळीही सोबत होती. ठेकेदार छाती फुगवून सांगत होता, "एक वायर दाखवा, मिशी उतरवतो!"

घराचं झालं हॉटेल. पण खोल्या इतक्या महाग की लोक यायचे, जिन्यावर उभं राहून फोटो काढायचे आणि चहा प्यायला समोरच्या बेकरीत जायचे. टाय लावलेला मॅनेजर दारात माश्या मारत बसायचा. शेवटी मालकाने गावाला मेजवानीला बोलावलं. गाव फुकटच्या खाण्याला लोटलं. दिवाणखाना ठासून भरला, आणि भिंतीवर ती सावली उमटली. नुकतीच बहीण गमावलेल्या बेकरीवाल्या काकू "ताई!" म्हणून किंचाळल्या. झालं! दुसऱ्या दिवशी मॅनेजरने टाय काढला, शाल घेतली आणि त्या सावलीला 'माई' म्हणायला लागला. आठवड्याभरात वरच्या खोल्या परगावच्या दुःखी माणसांनी भरल्या. शाळेतली पोरं त्याला पाझरबुवा म्हणायची, पण अर्थातच त्याच्या पाठीमागे.

पाझरबुवांचे नियम होते. भिंतीला हात लावायचा नाही. खिडकी उघडायची नाही, कारण "मोकळ्या हवेत शंका असतात." आणि एकट्याने भेटायचं नाही. "माई सगळ्यांची आहे. एकट्याने मागाल तर ती येणार नाही."

शुक्रवारी शाळेला सुट्टी होती. एका पडद्याची शिवण उसवली म्हणून बाबांना सकाळीच बोलावणं आलं. टकळी सुई-दोऱ्याची पेटी घेऊन मागोमाग गेली. बाबा वरच्या मजल्यावर होते, मॅनेजर न्याहारी करत होता, आणि दिवाणखाना उघडा, रिकामा होता. झाडलोटीसाठी पडदे बाजूला सारलेले, खिडक्या सताड उघड्या, सतरंजीवर ऊन.

टकळी भिंतीसमोर बसली.

"आई," ती हळूच म्हणाली. "मी आहे. आत्ता कुणी नाहीये. ये ना."

भिंत पांढरी.

मग तिने सांगायला सुरुवात केली. गणिताचा पेपर कसा गेला ते. बाबा भाजीत मीठ घालायला विसरतात ते. आईची निळी साडी बाबांनी अजून दोरीवरून काढलेली नाही, उन्हाने ती एका बाजूला विटली, ते. रविवारी आत्या येणार आहे ते. बोलता बोलता घसा सुकला. मैत्रिणींना सुद्धा तिने एवढं कधी सांगितलं नव्हतं, कारण तुझी आई आता भिंतीत असते ना गं, असं एकीने विचारल्यापासून तिने मैत्रिणींना काही सांगणंच सोडलं होतं.

भिंत पांढरी ती पांढरीच.

शेवटी न राहवून टकळीने नियम मोडला. तिने भिंतीला हात लावला. आणि दचकून मागे घेतला! गार. नुसती गार नव्हे, बर्फासारखी! ती बोटांनी चाचपत गेली. वर गोल, मग उतरते खांदे, मग खालपर्यंत. तेवढाच भाग गार. त्याच्या बाहेर चार बोटं सरकलं की साधी, उन्हाळी, कोमट भिंत.

आईचे हात कसे होते? दिवसभर इस्त्री करणाऱ्या बाईचे हात. थंडीत शाळेतून आलं की टकळी आधी तेच शोधायची आणि गालावर ठेवून घ्यायची.

"तू आई नाहीस," टकळी म्हणाली. मग तिला रागच आला. चाळीस परक्या माणसांनी तोंड उघडून हाऽऽऽ केलं की येते, आणि पोटची पोर एकटी येऊन हाका मारते तेव्हा येत नाही? अशी कुठली आई असते?

राग आला की टकळीचं डोकं फार छान चालायचं. दिवाणखान्यातून बाहेर येताच तिला शहारा आला. जिना गार, कॉरिडॉर गार, खोल्या गार. मग संध्याकाळी तो दिवाणखानाच तेवढा भट्टीसारखा का? मॅनेजर म्हणायचा, "तिथे गारवा नको, माईला बाधतो." पण माई तर बर्फाहून गार! दिवाणखान्याच्या मागच्या बाजूला चादरी-टॉवेल ठेवायची कोठी होती. तिच्या दाराला कान लावला तर आतून घूंऽऽऽ असा आवाज येत होता. दाराला मात्र कुलूप.

दुपारी ती विज्ञानाच्या बाईंच्या घरी जाऊन थडकली. बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि काही न बोलता बर्फाच्या पाण्याचा पेला पुढे ठेवला. पाचेक मिनिटांत पेला बाहेरून ओला झाला. एक थेंब घरंगळून टेबलावर पडला.

"पेल्याला भोक आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही हो बाई. हवेतलं बाष्प आहे. गार लागलं की त्याचं पाणी होतं. सातवीतच शिकवलंत."

"मग एवढा वेळ कशाला लागला?"

टकळी पेल्यावरचा ओलावा बोटाने पुसत म्हणाली, "कारण मला ती तिथे हवी होती."

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "बाळा, ज्यांना काही हवं असतं तेच फसतात. मूर्ख माणसं फसतात हे आपलं उगाच म्हणतात लोक. तू हे सगळ्यांसमोर दाखवशील ना, तेव्हा एक लक्षात ठेव. तिथे बसलेला प्रत्येकजण आत्ता तू होतीस तसाच आहे. कुणाला हसू नकोस."

"पाझरबुवांना?"

"त्यांना हसलीस तर माझी हरकत नाही."

शनिवारी संध्याकाळी दिवाणखाना पुन्हा ठासून भरला. टकळी मांडीवर मोठा स्टीलचा डबा घेऊन बसली होती, वरून रुमाल झाकलेला. डबा ठेचलेल्या बर्फाने भरलेला होता आणि घट्ट झाकण लावून बाहेरून कोरडा पुसलेला होता. मांडी बधिर झाली होती, पण बोलते कोण!

"आज माईला एक बातमी द्यायचीय," पाझरबुवांनी शाल सावरली. "उद्यापासून आपले पडदेवाले दादा सगळा संसार सोडून माईच्या सेवेला येतायत. केवढा त्याग!"

लोकांनी माना डोलावल्या. बाबांनी मान खाली घातली. टकळीला वाटलं, संसार म्हणजे मीच की! मला सोडण्याला त्याग म्हणतात?

"हाऽऽऽ!"

सावली उमटली. थेंब चमकला. हुंदके सुरू झाले. आणि टकळीने रुमाल उचलला.

"मॅनेजरकाका," ती उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "माझ्या डब्यातही कोणीतरी आलंय!"

डब्यावरून पाण्याचे ओघळ वाहत होते. टप्, टप्, सतरंजीवर.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागून कोणीतरी खुदकन हसलं.

"खाली बस पोरी! डबा गळतोय तुझा!" मॅनेजर ओरडला.

"झाकण घट्ट आहे. बघा ना डॉक्टर, तुम्हीच बघा."

दातांच्या डॉक्टरांनी डबा हातात घेतला, उलटा केला, हलवला. आत बर्फ खडखडला, पण झाकणातून थेंब आला नाही. त्यांनी बाहेरच्या पाण्यावरून बोट फिरवलं. मग ते एकदम तसेच थबकले.

"अरे देवा," ते म्हणाले. "मी रोज तोंडात घालायचा आरसा आधी गरम करून घेतो. नाहीतर रोग्याच्या श्वासाने त्यावर वाफ धरते. रोज करतो मी हे! वीस वेळा!" त्यांनी भिंतीकडे बघितलं. "आणि इथे येऊन तोंड उघडून हाऽऽऽ करत बसलो."

"मंडळी, शंका घेऊ नका! माई निघून जाईल!" मॅनेजरचा आवाज चिरकला.

"तिला घालवायला शंका नको, खिडकी पुरेल," टकळी म्हणाली. मग तिचा आवाज एकदम लहान झाला. "बाबा, तुम्ही उघडा ना खिडकी."

सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबा भिंतीकडे बघत होते. तिथे ती मान अजून डावीकडे कललेली होती. खूप वेळ गेला. बेकरीवाल्या काकू म्हणाल्या, "नका हो दादा." मग बाबा उठले. माणसांच्या गुडघ्यांवरून वाट काढत खिडकीपाशी गेले. स्वतः शिवलेला पडदा त्यांनी सारला आणि कडी काढली. एक खिडकी. दुसरी. तिसरी. संध्याकाळचा वारा भसकन आत आला. परातींवरची वाफ उडाली, कपाळावरचा घाम सुकला.

आणि सावली आक्रसायला लागली. आधी पदर गेला, मग खांदे. शेवटी तो कललेला गोल तेवढा उरला. बाबांनी हात पुढे केला, पण लावला नाही. तो गोलही गेला.

"रागावली! माई रागावून गेली!" मॅनेजरने टाहो फोडला.

"मग खिडक्या लावा, समजूत पटेल तिची," टकळी म्हणाली. "माई आहे की खिडकीची कडी?"

आता मात्र लोक मोकळेपणी हसले. पण बेकरीवाल्या काकू हसल्या नाहीत. पिठाची वीस किलोची पोती उचलणारी ती बाई सरळ मागच्या कोठीपाशी गेली आणि मॅनेजरसमोर हात पसरून म्हणाली, "किल्ली." त्याने दिली. तशा हाताला नाही म्हणायची कुणाची छाती होती!

कोठीत रांगेने चादरी, टॉवेल, आणि दिवाणखान्याकडच्या भिंतीला एक उघडी खाच. त्या खाचेत नागासारखे वेटोळे घातलेले नळ, पांढऱ्या हिमाने माखलेले. जुन्या घरात तिथे एक मोठा कोनाडा होता, वर गोल आणि खाली रुंद. सगळं नवं लपवायच्या नादात ठेकेदाराने वरच्या खोल्या गार करणारे नळ त्याच कोनाड्यातून नेले. त्यांच्यावर गारवा अडवणारं अस्तर घालायला तो विसरला, आणि दर्शनी बाजू पत्र्याने बंद करून वरून पातळ चुना घोटून मोकळा झाला. नळ गार म्हणून पत्रा गार, पत्रा गार म्हणून चुना गार. बंद खोलीत माणसं कोंबली की त्यांचा श्वास, घाम आणि परातींची वाफ तेवढ्याच भागावर पाणी होऊन उतरायची. कोनाडा एका अंगाने जरा ढासळलेला होता. कललेली मान ती तीच.

"तुम्हाला ठाऊक होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी कळलं," मॅनेजर शाल चुरगाळत म्हणाला. "पण मी कुणाचं वाकडं केलं? इथे येऊन लोकांना बरं वाटत होतं. या पोरीला काय कळतंय, एकटेपण काय असतं ते!"

"मला?" टकळी म्हणाली. पुढचं बोलले ते बाबा.

"तिलाच कळतं," ते म्हणाले. "मी इथे बसलो होतो. ती घरी होती."

लोक हळूहळू पांगले. काकू आपल्या ताईचा स्वेटर छातीशी धरून गेल्या. कोणी "शाब्बास" म्हणालं नाही, आणि टकळीला तसं कुणी म्हणावं असं वाटलंही नाही. खरं कळलं की हलकं वाटतं असं पुस्तकात लिहितात. तिला तर आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटत होतं.

चौकात दिवे लागले होते. बापलेक बरोबर चालत होते.

"मला खरंच वाटलं होतं गं, की तीच आहे," बाबा म्हणाले.

"मलाही."

"मग आता कुठे आहे ती?"

टकळीने नीट विचार केला. गोड खोटं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. "कुठेच नाही, बाबा. गेली ती. आपण दोघं आहोत."

बाबांनी नाक पुसलं. "उद्या आत्या येईल, तेव्हा तिला जेवायला थांबवू. आणि तिला एकटीलाच परत पाठवू. काय?"

"चालेल."

तर मंडळी, एवढंच. त्या दिवाणखान्यात रोज गावभरची एकटी माणसं खांद्याला खांदा लावून बसत होती, आणि सगळी भिंतीकडे बघत होती. शेजारी कोण रडतंय, हे मान वळवून कुणी बघितलं नाही. भिंतीवरचं पाणी त्यांचंच होतं. नाव मात्र माईचं झालं. म्हणून तुमच्या गावात कुठे काही रडलं, हललं, बोललं, तर हात जोडण्याआधी विचारा: हे कधी होतं आणि कधी होत नाही? कशाला हात लावू देत नाहीत? कोणती खिडकी उघडू देत नाहीत? जे खरं आहे ते खिडकी उघडल्याने पळून जात नाही. आणि विचारताना छातीत दुखलं, तरी विचारा. शेजारच्याचा हात धरून विचारा.